बंदराची कोतवालीण

धाकटीला कोतवालीण केलं, तेव्हा बंदरावर माणसं कमी आणि जाहिराती जास्त अशी अवस्था झाली होती.

बंदर म्हणजे खरं बंदर नव्हे. तो इंटरनेटवरचा खेळ होता, आणि तोही फक्त लिहिण्याचा. चित्रं नाहीत, मारामारीचे आवाज नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी सुकाणू धरणारा, कुणी सराफ, कुणी घरातून पळून आलेली राजकन्या, आणि त्या पात्राच्या तोंडून बोलायचं. एकाने चार ओळी लिहिल्या की दुसऱ्याने त्यांना उत्तर द्यायचं. अशानं गोष्ट पुढे सरकायची. लग्नं व्हायची, जहाजं बुडायची, भावाभावांचं बोलणं तुटायचं. धाकटी तिथं शिडं शिवणारी होती. पात्र छोटंच होतं, पण आपापली फाटकी शिडं घेऊन बरेच जण तिच्या दुकानाशी टेकायचे आणि गप्पा मारत बसायचे. प्रत्यक्षात ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. भिंगं यंत्रावर घासायची, फ्रेममध्ये बसवायची, कडा बोटाने तपासायची. त्या खोलीत दिवसभर पाण्याची बारीक धार आणि यंत्राची घरघर चाले. बोलायला कुणी नसे. बंदरावर मात्र सगळं गाव तिला ओळखायचं.

मग जाहिराती यायला लागल्या. जहाज वादळात सापडलंय, खलाशी देवाचा धावा करताहेत, आणि मध्येच कुणीतरी बुटांवर सूट देतंय. राजकन्या विष पिते, तिच्याखाली लगेच घरबसल्या श्रीमंत व्हायचा मार्ग. जुनी माणसं वैतागून निघून जाऊ लागली. खेळ ज्याने बनवला होता त्याला सगळे मालक म्हणत. तो लांबच्या शहरात कुठल्याशा कंपनीत नोकरी करायचा आणि बंदर फावल्या वेळात सांभाळायचा. त्याने विचारलं, साफसफाईचं काम कुणी घेईल का? धाकटी म्हणाली, मी घेते.

तिने ते काम भिंगाच्या कडेसारखं केलं. नव्या माणसाचं पहिलं लिखाण आधी ती वाचणार, मग ते सगळ्यांना दिसणार. जुना झाल्याशिवाय कुणी लिंक द्यायची नाही. कुणालाही काही खटकलं तर एक बटण दाबायचं, की ते तिच्यापुढे हजर. आणि मालकाकडून तिने एक हत्यार बनवून घेतलं, त्याचं नाव झाडू. एखाद्या खात्यावर झाडू फिरवला की ते खातं बंद, आणि त्याने आजवर लिहिलेलं सगळं एका झटक्यात पुसलं जायचं.

"परत आणायची सोय ठेवू का?" मालकाने विचारलं होतं.

"कशाला? कचरा परत आणून काय करायचंय?" ती म्हणाली होती.

बंदर लख्ख झालं. गेलेली माणसं परतली. तिच्या नावाचा चौथरा कुणीतरी गोष्टीत बांधला, त्यावर कुणी पोवाडा लिहिला, आणि सगळे तिला कोतवालीणबाई म्हणू लागले. चाळिशी उलटलेल्या, बिनलग्नाच्या, आयुष्यभर कुणाची तरी धाकटी म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईला हे काय वाटलं असेल ते सांगायला नको.

घरी तिची थोरली बहीण आणि मेहुणे. आईवडिलांच्या मागे घर दोघी बहिणींचं झालं होतं, आणि तिघं तिथं गुण्यागोविंदाने राहत होती. ताई हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीत बसायची. ताईची मुलगी शिकायला परगावी होती. भाऊजी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढण्यात त्यांचा जन्म गेला, आणि मग ते वर्तमानपत्रच बंद पडलं. तिथल्या मालकाने इमारत विकून टाकली. भाऊजी त्या दिवशी डबा न उघडताच घरी आले आणि म्हणाले, "नाचता येईना म्हणून अंगणच विकलं."

म्हणींची अशी मोडतोड करायची त्यांना खोडच होती. ताईला त्याचा कंटाळा यायचा, धाकटीला हसू. पुढे बराच काळ घरी बसल्यावर त्यांना नवं काम लागलं. फर्निचरच्या दुकानावर एक मोठी खोली होती, तिथं संगणकांच्या रांगा होत्या. भाऊजी सकाळी डबा घेऊन जायचे, दिवे लागायच्या सुमारास यायचे. काय काम, विचारलं तर म्हणायचे, "मजकूर लिहितो. कंपन्यांना लागतो मजकूर." ताईने खोलात जाऊन विचारलं नाही. घरात पुन्हा एकदा माणूस वेळेवर उठून दाढी करत होता, एवढं तिला पुरे होतं.

बंदराच्या गप्पा धाकटी त्यांच्यापाशीच करायची, कारण घरात लिहिण्यावाचण्याची आवड त्या दोघांनाच होती. जेवताना भाऊजी विचारायचे, "काय कोतवालीणबाई, आज किती चोर पकडले?" मग ती रंगून सांगायची. खोटा माणूस कसा ओळखायचा, पहिल्या लिखाणात ती काय बघते, कुठल्या चुका यंत्राच्या आणि कुठल्या माणसाच्या.

"आणि समजा चोर शहाणा निघाला? घाई न करणारा?" त्यांनी एकदा विचारलं.

"मग अवघड आहे. जुना झाला की लिंक द्यायची बंदी उठते. पण एवढा दम कुठल्या चोराला असतो?"

"खरंय," भाऊजी म्हणाले आणि पाणी प्यायले.

काही काळाने बंदरावर एक तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आला. त्याचं पहिलं लिखाण धाकटीने दुकानात, दोन भिंगांच्या मधल्या वेळात वाचलं आणि तिचा हात थांबला. कोरडा खोकला असलेला, बायकोला सातवा महिना लागलेला, कर्जबाजारी नव्हे पण शब्दाला बांधलेला असा एक थकलेला माणूस त्याने दहा ओळींत उभा केला होता. तिने लगेच मंजुरी दिली. थोड्याच दिवसांत सगळं बंदर त्याच्या मागे लागलं. सर्वांत जास्त जमली ती सुईणकाकूंशी.

सुईणकाकू बंदरावरच्या सर्वांत जुन्या. खेळ सुरू झाला तेव्हापासून त्यांचं पात्र होतं. बंदरावरचं जवळजवळ प्रत्येक मूल त्यांच्याच हातात जन्मलं होतं, आणि ते प्रत्येक बाळंतपण त्यांनी वेगळं लिहिलं होतं. त्या खऱ्या आयुष्यात कोण, कुठल्या, हे कुणी विचारत नसे. तांडेलाची बायको अडली तेव्हा त्या तिच्या उशाशी बसल्या. ते लिखाण दिवसेंदिवस चाललं. धाकटी दुकानातून घरी येताना चालता चालता ते वाचायची. एकदा वाचताना ती रस्त्याच्या कडेला उभीच राहिली. बाकीचे लोकही कामंधामं सोडून वाट बघत होते, बाळ येतं की नाही.

त्याच दिवसांत एका दुपारी, धाकटी यंत्रापाशी असताना फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. तक्रारी. एकामागून एक. सुईणकाकूंच्या नावाने बंदरावरच्या प्रत्येकाला घाणेरडी चित्रं जात होती, सट्ट्याच्या लिंका जात होत्या, आणि माणूस विश्वासातला म्हणून लोक त्या उघडतही होते. धाकटीला दिसत होतं की हे काकू नाहीत, त्यांचं खातं कुणीतरी बळकावलंय. मालकाला फोन केला, तो उचलेना. समोर दुकानदार हातात फ्रेम घेऊन उभा, "बाई, गिऱ्हाईक खोळंबलंय." फोन थरथरतच होता. तिने ओल्या हाताने झाडू फिरवला.

सगळं शांत झालं. घाण गेली. आणि घाणीबरोबर सुईणकाकूंनी इतक्या वर्षांत लिहिलेलं प्रत्येक वाक्य गेलं. बंदरावरची सगळी मुलं बिनजन्माची झाली.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. तो म्हणाला, "परत नाही आणता येणार. तूच नको म्हणाली होतीस."

"माहीत आहे," ती म्हणाली.

काकूंनी ईमेलच्या दुसऱ्या पत्त्यावरून तिला लिहिलं. चिडल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या. माझं दार उघडत नाही, मी काय चूक केली, एवढंच विचारलं होतं. धाकटीने झालं ते सांगितलं आणि शेवटचं काय उघडलं होतं ते विचारलं. काकूंनी तांडेलाशी झालेलं खासगी बोलणं तिला पाठवून दिलं. ते त्यांनी फोटो काढून जपून ठेवलं होतं, जशी माणसं जवळच्याची पत्रं ठेवतात. शेवटचा निरोप होता, 'बाळ आलं. तुमच्यासाठी चार ओळी लिहून ठेवल्या आहेत, इथं वाचा.' आणि खाली लिंक.

धाकटी वर वर वाचत गेली. पावसापाण्याचं बोलणं, गुडघ्यांचं बोलणं, काकूंच्या मुलाचं. मध्ये एका ठिकाणी काकूंनी विचारलं होतं, तुम्ही पूर्वी काय करत होतात? तांडेलाने लिहिलं होतं, 'होतो एका जुन्या गलबतावर. नाखव्याला नाचता येईना म्हणून त्याने अंगणच विकलं.'

ती ते वाक्य पुन्हा वाचत बसली नाही. एकदाच पुरे होतं.

रविवारी सकाळी ताई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. भाऊजी टेबलापाशी लाल पेन घेऊन बसले होते. नोकरी गेली तरी सवय गेली नव्हती. घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातल्या चुका ते रोज दुरुस्त करायचे आणि मग ते पेपर रद्दीत जायचे. धाकटी समोर बसली.

"भाऊजी, तांडेल तुम्ही आहात?"

"कुठला तांडेल?"

"ज्याच्या नाखव्याने अंगण विकलं तो."

पेन थांबलं. मग ते थोडं हसले. "एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि स्वतःची तेवढी नजरेतून सुटली."

"हसताय कशाला?"

"मग काय करू?" त्यांनी चष्मा काढला. त्याची भिंगं तिनेच बसवलेली होती. "ऐक. लिंक मी पाठवली नाही. आमच्याकडे टेबलं आहेत. माझ्या टेबलाचं काम फक्त ओळख वाढवायची. विश्वास बसला की ते खातं पुढच्या टेबलाकडे जातं. तिथं कोण बसतं, ते मी विचारत नाही."

"आणि ते काय करतात?"

"माणसाचं खातं ताब्यात घेतात. मग त्याच्या ओळखीच्यांना जाहिरात जाते. परक्याची कुणी उघडत नाही, आपल्या माणसाची उघडतात."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"ती म्हातारी बाई आहे, भाऊजी."

"तिला ऐकू येत नाही, ते माहीत आहे तुला?" त्यांचा आवाज एकदम चढला. "आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली तिने, आणि आता कानांनी दगा दिला. मुलगा फोन करत नाही, कारण फोनचा उपयोग नाही, आणि लिहायचा त्याला कंटाळा. तुझं बंदर इतकी वर्षं चाललंय. तू कधी विचारलंस तिला? कोतवालीणबाईंनी फक्त लिखाण तपासलं. मी विचारलं."

"फसवायला विचारलं."

"सुरुवातीला." ते खिडकीकडे बघत राहिले. "मग मला घरी येताना वाटायचं, उद्या काय लिहू. इतक्या वर्षांत कुणी मला लिहायला सांगितलं नव्हतं, धाकटे. दुसऱ्यांचे काना-मात्रा सांभाळत आलो. तिथं पहिल्यांदा कुणीतरी माझ्या ओळीची वाट बघत होतं. तूही बघत होतीस. जेवताना तूच सांगायचीस ना, एक तांडेल आलाय, काय लिहितो म्हणून? मला घास गिळवत नव्हता."

"काय होतं त्या लिंकवर? त्या चार ओळी?"

"कसल्या ओळी? रिकामं पान असतं. उघडलं की काम झालं."

धाकटी म्हणाली, "कुलूप कसं उघडतं ते मीच तुम्हाला जेवताना सांगत होते."

"तू सांगितलं नसतंस तरी उघडलं असतं," भाऊजी म्हणाले. "थोडा उशीर लागला असता, इतकंच."

ताई रिकामी बादली घेऊन दारात उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं.

"आता तू काय करणार आहेस?" तिने धाकटीला विचारलं.

"मालकाला सांगणार. त्या खोलीतली सगळी खाती बंद करणार. लिहिण्याची ढब कळलीय मला आता, सगळी सापडतील."

"आणि यांचं काम?"

"ताई, हे काम आहे?"

"त्या खेळातल्या बाईसाठी तू घरातल्या माणसाच्या पोटावर पाय देणार?" ताईने बादली खाली ठेवली. "तो माणूस वर्षभर भिंतीकडे तोंड करून झोपत होता. ते तू नाही बघितलंस, मी बघितलंय. कुठे ती खोटी राजकन्या न् खोटे खलाशी, आणि कुठे आपलं घर!"

"ती बाई खोटी नाही, ताई."

"माझ्यासाठी खोटीच आहे. मला ती दिसत नाही. हा दिसतो."

भाऊजी म्हणाले, "करू दे तिला. तिचं काम आहे ते." आणि पुन्हा पेन उचललं. हे ते रागाने म्हणाले असते तर धाकटीला सोपं गेलं असतं.

धाकटीने म्हटलं होतं तसंच केलं. मालकाला सगळं लिहिलं, फक्त नातं लिहिलं नाही. मग दुकानातून सुट्टी घेऊन ती खाती तपासत बसली. एकदा ढब कळल्यावर ती सगळीकडे दिसायला लागली. गोड बोलणारा वैद्य, विधवा सावकारीण, बापाला शोधत आलेली जुळी भावंडं. एकेकाला पुसताना तिला कळत गेलं की गेल्या काही महिन्यांत बंदरावर जे जे जिवंत वाटत होतं, त्यातलं बहुतेक फर्निचरच्या दुकानावरच्या त्या खोलीतून येत होतं. खरी माणसं थोडी होती आणि तीही या खोट्यांच्या ओढीने रोज येत होती. झाडू फिरवून झाला तेव्हा बंदर तिने पहिल्या वेळी केलं होतं त्याहून स्वच्छ झालं. धक्क्यावर कुणी नव्हतं.

मालकाने फोन केला. आवाज गोड होता.

"मला आधी विचारायचं होतंस."

"तुम्हाला लिहिलं होतं मी. तुम्ही 'बघतो' म्हणालात."

"बघतो म्हणजे थांब. अगं, एक मोठी कंपनी बंदर घ्यायला तयार होती. रोज किती माणसं येतात, यावर सगळं ठरतं. तू अर्ध्याहून अधिक गाव उठवलंस."

"ती माणसं नव्हती."

"वाचणाऱ्याला काय फरक पडत होता?"

"सुईणकाकूंना पडला."

तो म्हणाला, "तू थकली आहेस. फार केलंस बंदरासाठी, सगळ्यांना त्याची जाण आहे. आता थोडी विश्रांती घे." फोन ठेवल्यावर तिने बंदर उघडून पाहिलं. तिच्या नावापुढचं कोतवालीण गेलं होतं. ती पुन्हा शिडं शिवणारी झाली होती, आणि शिवायला कुणाचं शीड नव्हतं. तिच्या नावाचा चौथरा होता तिथं कुणीतरी लिहून गेलं होतं, 'कुंपणानेच शेत खाल्लं.'

खोलीवाल्यांनी भाऊजींचं टेबल बंद केलं. डबा पुन्हा फडताळात गेला. घरात कुणी कुणाला टाकून बोललं नाही, भांडं आपटलं नाही. फक्त जेवताना विचारायचं कुणी उरलं नाही, की आज किती चोर पकडले. ताई तिचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि स्वतः आधीच जेवलेली असायची. घर दोघींचं होतं, पण जागा एकीपुरतीच उरली होती. धाकटीने दुकानाजवळ एक खोली भाड्याने बघितली आणि सामान हलवलं. निघताना ताई म्हणाली, "पडदे घेऊन जा, तुझ्या खिडकीला होतील." धाकटी म्हणाली, "नको." बहिणींचं निरोपाचं बोलणं एवढंच झालं.

मग ती सुईणकाकूंना भेटायला गेली. तांडेलाचं खरं काय ते पत्रात कळवून तिने पत्ता मागितला आणि काकूंनी लगेच दिला. बसने तासाभराची वाट होती. तळमजल्यावरचं घर, दारावर घंटेऐवजी दिवा लागायची सोय. काकू उंच, ताठ आणि नीटनेटक्या निघाल्या. बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघत. ऐकायला अडचण होती, बोलायला नव्हती. आवाज अजून एक्स्चेंजमधल्यासारखा स्वच्छ होता. त्यांनी एक पाटी आणि खडू पुढे सरकवला.

"म्हणजे तू ती शिडवाली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, जाडी असशील."

धाकटीने पाटीवर लिहिलं, 'माझ्यामुळे तुमचं सगळं गेलं. माफी मागायला आले.'

काकूंनी वाचलं, मान हलवली, पुसलं. "गेलं ते गेलं. मी तरी ते पुन्हा कधी वाचणार होते? बाळंतपण एकदा झालं की झालं." मग पुढे वाकून त्यांनी विचारलं, "तांडेल कुठे आहे?"

धाकटीने लिहिलं, 'तो खोटा होता. ते त्याचं काम होतं. पगारी.'

"ते कळलं मला. तुझ्या पत्रात होतं की. मी विचारलं, कुठे आहे?"

'तुम्हाला राग नाही?'

"आहे तर. पण बाई, मला पगारी माणसांचं काय सांगतेस? मीही पगारीच होते. लोक माझ्याशी गोड बोलायचे ते मी फोन जोडून द्यावा म्हणून. तरी त्यातला कोण मनापासून बोलतोय ते कळायचं. हा मनापासून लिहायचा." त्या खिडकीकडे बघायला लागल्या. "माझा मुलगा चांगला आहे. वाईट नाही. पण इतक्या वर्षांत त्याने मला कधी विचारलं नाही, की आई, तुझा दिवस कसा जातो. यानं रोज विचारलं. आता मला काय हवंय सांगू? ते चार ओळींचं काय ते. बाळाचं. त्या दिवशी उघडलं आणि सगळं बंद पडलं, वाचायचंच राहिलं. तू तपास केलास ना? मग तुला माहीत असणार. काय लिहिलं होतं त्याने?"

धाकटीच्या हातात खडू होता. तिला चार ओळी सुचल्या असत्या. ती बंदरावर उगाच नव्हती वाढली. पण खोट्याला खोटं म्हणायचं, एवढ्याचसाठी तिने घर सोडलं होतं. तिने लिहिलं, 'काही नव्हतं. रिकामं पान होतं.'

काकूंनी वाचलं. या वेळी पुसलं नाही. बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत बसल्या, जणू त्यात काही शुद्धलेखनाची चूक सापडेल. मग म्हणाल्या, "हे सांगायला एवढ्या लांब आलीस?"

त्यांनी पाणी विचारलं, बसची वेळ सांगितली, दारापर्यंत आल्या. त्यांच्या वागण्यात कुठे काही कमी नव्हतं. दार लावून घेताना त्यांनी तिच्या ओठांकडे मात्र पाहिलं नाही.

वर्ष सरता सरता मोठ्या कंपनीने बंदर घेतलंच. धाकटीने तिथं लिहिणं सोडलं होतं, पण वाचायला कुणाला मनाई नव्हती. एका दुपारी डबा खाता खाता तिने उघडून पाहिलं. धक्का माणसांनी फुललेला होता. जाहिरात औषधालाही नव्हती. नव्या नावाने एक सुईण आली होती आणि एका दीपगृहवाल्याच्या घरी तिचं रोजचं जाणं-येणं होतं. दीपगृहवाला अप्रतिम लिहीत होता. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. धाकटीने सगळं वाचून काढलं.

संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "यांना काम लागलंय. आता अगदी रीतसर आहे बरं. त्या कंपनीनेच नेमलंय, लोकांचं मन रमवायला. लिंका-बिंका काही नाही. नुसतं लिहायचं."

"लोकांना माहीत आहे का, की पगारी माणसं आहेत?"

"ते कशाला सांगतील?" ताई म्हणाली. मग समेट करायच्या आवाजात म्हणाली, "आणि तुझं नाव निघालं होतं तिथं. हे सांगत होते, कोतवालीणबाईंनी घालून दिलेले नियमच अजून चालतात म्हणे. एक अक्षर बदललेलं नाही. झाडूसुद्धा तसाच आहे."

"बरं," धाकटी म्हणाली.

"घरी कधी येतेस?"

समोर दुकानदाराने दिवसातलं शेवटचं भिंग ठेवलं होतं, जाड, मोठ्या नंबरचं. "बघते," धाकटी म्हणाली, फोन ठेवला आणि यंत्र सुरू केलं.